बर्फावरील कित्ता : स्केटर व प्रशिक्षक कार्लो फास्सी यांची कारकीर्द

प्रस्तावना

क्रीडेतिहासात खेळाडूंच्या विक्रमांची नोंद काटेकोरपणे ठेवली जाते. त्यांना शिकवणाऱ्यांची नोंद मात्र बहुधा तळटीपेत राहते. सुवर्णपदक मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकाचे नाव वृत्तपत्रात एकदा येते आणि नंतर विस्मरणात जाते. या नियमाला अपवाद ठरलेल्या मोजक्या प्रशिक्षकांत कार्लो फास्सी (१९२९–१९९७) यांचा समावेश करावा लागतो. इटलीतील मिलान येथे जन्मलेले फास्सी युरोपचे दोन वेळा अजिंक्यवीर होते. पुढे अमेरिकेत स्थायिक होऊन त्यांनी फिगर स्केटिंगचे प्रशिक्षण देण्यास आरंभ केला आणि १९६८ ते १९८० या काळात झालेल्या चार हिवाळी ऑलिंपिक स्पर्धांपैकी तीन स्पर्धांत त्यांच्या चार शिष्यांनी एकेरीची सुवर्णपदके पटकावली. पेगी फ्लेमिंग (१९६८), जॉन करी व डोरोथी हॅमिल (१९७६) आणि रॉबिन कझिन्स (१९८०) हे ते चार शिष्य होत. त्यांपैकी दोघी अमेरिकेच्या आणि दोघे ब्रिटनचे.

केवळ चरित्रकथन हा प्रस्तुत निबंधाचा हेतू नाही. फास्सी यांच्या यशाचे मूळ स्पर्धक म्हणून त्यांनी आत्मसात केलेल्या एका विशिष्ट विद्येत होते. ती विद्या शिकवण्याची जागा त्यांच्यासाठी एका भीषण दुर्घटनेने रिकामी केली आणि पुढे नियमांतील बदलांनी त्याच विद्येचे मोल क्रमाक्रमाने शून्यावर आणले. शिक्षकाचे ज्ञान कोठून येते, कोणत्या परिस्थितीत त्याला मागणी येते आणि ती मागणी ओसरल्यावर त्याच्यापाशी काय उरते, या प्रश्नांच्या दृष्टीने ही कारकीर्द तपासण्याचा येथे प्रयत्न केला आहे. खेळ परका असला तरी प्रश्न कोणत्याही अध्यापकाच्या परिचयाचे आहेत.

आकृत्यांची विद्या

आपल्याकडील बहुतेक वाचकांचा या खेळाशी संबंध दूरचित्रवाणीपुरता असतो आणि पडद्यावर दिसतात त्या संगीताच्या साथीने घेतलेल्या उड्या व गिरक्या. त्यामुळे नावातील ‘फिगर’ या शब्दाचा अर्थ अनेकदा चुकीचा घेतला जातो. येथे फिगर म्हणजे शरीराचा बांधा नव्हे, तर स्केटच्या पात्याने बर्फावर उमटणारी आकृती होय. स्केटचे पाते तळाशी किंचित खोलगट असते आणि त्यामुळे त्याला आतली व बाहेरची अशा दोन धारा लाभतात. एकाच धारेवर शरीराचा भार तोलून धरला, की पाते आपोआप वक्राकार मार्गाने जाते. स्वच्छ बर्फावर एका पायावर वर्तुळ काढणे, त्याला जोडून दुसऱ्या पायावर दुसरे वर्तुळ काढून इंग्रजी आठच्या अंकासारखी आकृती पूर्ण करणे, वाटेत ठराविक ठिकाणी धार किंवा दिशा बदलणे, आणि मग तीच आकृती पुन्हा पुन्हा त्याच रेषेवरून काढणे, ही ‘अनिवार्य आकृत्यां’ची परीक्षा होती.

मराठीत या कृतीला नेमका शब्द आहे : गिरवणे. पाटीवर काढून दिलेल्या अक्षरावरून मूल पेन्सिल फिरवते, त्याप्रमाणे स्केटर स्वतःच काढलेल्या रेषेवरून स्वतःला गिरवत असे. फरक इतकाच, की येथे लेखणी पायाला बांधलेली असते आणि कित्ता काढणाराही तोच. आकृती पूर्ण झाल्यावर परीक्षक बर्फावर वाकून, प्रसंगी गुडघे टेकून रेषांची तपासणी करीत. वर्तुळ खरोखर गोल आहे काय, दोन्ही वर्तुळांचा आकार सारखा आहे काय, दुसऱ्या व तिसऱ्या वेळच्या रेषा पहिल्या रेषेपासून किती सरकल्या, एका धारेवर जाताना दोन्ही धारा टेकून दुहेरी रेष उमटली काय, याची ते छाननी करीत. प्रेक्षक जवळजवळ नसत. संगीत नसे. तासन्‌तास चालणाऱ्या या परीक्षेत ऐकू येई तो केवळ पात्याचा बर्फावरील आवाज.

हिंदुस्थानी संगीताच्या विद्यार्थ्याला पलट्यांचे जे स्थान ठाऊक असते, तेच स्थान येथे आकृत्यांना होते असे म्हणता येईल. मात्र उपमा एका बिंदूपाशी थांबवली पाहिजे. मैफलीत गवयाला पलट्यांसाठी गुण मिळत नाहीत. स्केटरला मात्र मिळत, तेही थोडेथोडके नव्हे. एकेकाळी एकूण गुणांपैकी ६० टक्के गुण आकृत्यांना असत व उरलेले ४० टक्के मुक्त स्केटिंगला. म्हणजे रियाजच मैफलीहून मोठा ठरत असे. या व्यवस्थेत वर्षानुवर्षे घोटून तयार झालेल्या स्पर्धकाचे ज्ञान हे मुख्यतः आकृत्यांचे ज्ञान होते.

फास्सी हे त्याच व्यवस्थेचे अपत्य होते. १९४८ साली सेंट मॉरिट्झच्या ऑलिंपिकमध्ये ते एकेरीत उतरले आणि ग्रात्सिया बार्चेल्लोना हिच्या साथीने जोडी प्रकारातही सहभागी झाले. १९५२ च्या ऑस्लो ऑलिंपिकमध्ये त्यांना एकेरीत सहावे स्थान मिळाले. १९५३ व १९५४ अशी लागोपाठ दोन वर्षे ते युरोपीय अजिंक्यपदाचे मानकरी ठरले आणि १९५३ च्या दाव्होस येथील जागतिक स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळवले. त्या वेळी त्यांच्या पुढे असलेले हेज ॲलन जेन्किन्स व जेम्स ग्रोगन हे दोघेही अमेरिकी होते. हा योगायोग नव्हता. १९४८ ते १९५९ या काळात पुरुष एकेरीचे जागतिक अजिंक्यपद एकदाही अमेरिकेबाहेर गेले नाही. उड्यांच्या तंत्रात अमेरिकेने युरोपला मागे टाकले होते. युरोपचा विजेता जगात तिसरा येतो, ही गोष्ट त्या काळाच्या शक्तिसंतुलनाचे चित्र स्पष्ट करते.

१९५४ नंतर फास्सी स्पर्धात्मक स्केटिंगमधून निवृत्त झाले व प्रशिक्षणाकडे वळले. तत्कालीन नियमांनुसार हा एकेरी मार्ग होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना हौशी व व्यावसायिक असा कडक भेद करीत असे आणि शिकवण्याचे मानधन स्वीकारणारा व्यावसायिक गणला जाई. त्याला पुन्हा स्पर्धेत उतरता येत नसे. त्यामुळे प्रशिक्षक होणे म्हणजे खेळाडू म्हणून आपले दार कायमचे लावून घेणे होते. फास्सी यांनी ते पंचविशीच्या आसपास लावून घेतले.

१९६१ : रिकामी झालेली जागा

१५ फेब्रुवारी १९६१ रोजी न्यूयॉर्कहून ब्रुसेल्सला निघालेले सबेना कंपनीचे बोइंग ७०७ विमान उतरण्यापूर्वी ब्रुसेल्सजवळच्या बर्ग या गावापाशी कोसळले. विमानातील सर्व ७२ जण आणि जमिनीवर असलेला एक शेतकरी मृत्युमुखी पडला. प्राग येथील जागतिक स्पर्धेसाठी निघालेला अमेरिकेचा संपूर्ण फिगर स्केटिंग संघ त्या विमानात होता. १८ स्केटर आणि त्यांच्यासोबत असलेले कुटुंबीय, प्रशिक्षक व पदाधिकारी अशी या क्षेत्रातील ३४ माणसे एका क्षणात नाहीशी झाली. प्रागची स्पर्धा रद्द करण्यात आली.

या दुर्घटनेविषयी लिहिताना बहुधा तरुण खेळाडूंचा उल्लेख होतो आणि ते स्वाभाविकही आहे. राष्ट्रीय विजेती लॉरेन्स ओवेन अवघी १६ वर्षांची होती आणि अपघाताच्या दोनच दिवस आधीचा अंक असलेल्या एका प्रसिद्ध क्रीडा साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचे छायाचित्र झळकले होते. परंतु खेळाच्या दीर्घकालीन इतिहासाच्या दृष्टीने प्रशिक्षकांचा मृत्यू अधिक खोल आघात करणारा होता, असे माझे मत आहे. खेळाडूंची पुढची फळी राष्ट्रीय स्पर्धांच्या खालच्या गटांत तयार होत असते. त्यांना घडवणारी माणसे तशी तयार होत नाहीत. लॉरेन्सची आई मॅरिबेल विन्सन ओवेन या स्वतः नऊ वेळा राष्ट्रीय विजेत्या व १९३२ च्या ऑलिंपिकमधील कांस्यपदक विजेत्या होत्या. १९५६ ची ऑलिंपिक विजेती टेन्ली ऑलब्राइट ही त्यांची शिष्या. त्या गेल्या. कॅलिफोर्नियात पेगी फ्लेमिंग या बारा वर्षांच्या मुलीला शिकवणारे बिल किप गेले. आणि कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील ब्रॉडमूर रिंकचे मुख्य प्रशिक्षक एडी शोल्डान आपल्या १३ वर्षांच्या मुलासह गेले.

ब्रॉडमूर हे एका आलिशान हॉटेलचे खाजगी रिंक होते. घोडेस्वारीच्या बंदिस्त मैदानाचे रूपांतर करून ते १९३८ साली सुरू झाले. मूळचे ऑस्ट्रियाचे असलेल्या शोल्डान यांनी तेथे १९५६ चा ऑलिंपिक विजेता हेज ॲलन जेन्किन्स आणि १९६० चा विजेता त्याचा भाऊ डेव्हिड यांना मार्गदर्शन केले होते. १९६१ च्या जानेवारीत राष्ट्रीय स्पर्धा याच रिंकवर झाली आणि तीतूनच तो दुर्दैवी संघ निवडला गेला. शोल्डान यांच्या जागी ब्रॉडमूरने बोलावले ते ३१ वर्षांच्या कार्लो फास्सी यांना. आठ वर्षांपूर्वी दाव्होसला ज्याच्या मागे राहून त्यांनी कांस्यपदक स्वीकारले होते, त्याच जेन्किन्सच्या दिवंगत प्रशिक्षकाची जागा आता त्यांना चालवायची होती. त्यांच्या पत्नी ख्रिस्टा या जर्मन स्केटर होत्या. त्याही प्रशिक्षणात त्यांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. ‘फास्सी यांचे विद्यार्थी’ असे आपण लिहितो तेव्हा ते बहुधा दोघांचेही विद्यार्थी असत.

असे स्थलांतर करणारे फास्सी एकटे नव्हते. किप यांच्या जागी कॅलिफोर्नियात आलेले जॉन निक्स हे ब्रिटनचे होते आणि बहिणीच्या साथीने त्यांनी जोडीचे जागतिक अजिंक्यपद मिळवले होते, तेही १९५३ च्या त्याच दाव्होस स्पर्धेत. युद्धोत्तर युरोपात शिकलेली विद्या अमेरिकेच्या रिकाम्या रिंकांवर अशा रीतीने स्थलांतरित झाली. यात एक विरोधाभास आहे. पन्नाशीच्या दशकात युरोपला मागे टाकणाऱ्या अमेरिकेने साठीच्या दशकात आपली मुले युरोपच्या माजी स्पर्धकांच्या हाती सोपवली.

प्रशिक्षकांची फळी हवाई अपघातात गमावण्याचा प्रसंग अमेरिकी स्केटिंगवर पुढेही आला. २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टन येथे प्रवासी विमान व लष्करी हेलिकॉप्टर यांच्या टकरीत ६७ जण मृत्युमुखी पडले. त्यांत या खेळाशी संबंधित २८ जण होते आणि १९९४ चे जोडीचे जागतिक विजेते, पुढे अमेरिकेत प्रशिक्षक झालेले येव्गेनिया शिश्कोवा व वादिम नाउमोव्ह हे रशियन दांपत्यही होते. १९६१ च्या इतिहासाकडे पाहण्याची दृष्टी त्यानंतर पूर्वीसारखी राहणे कठीण आहे.

कोलोरॅडोचा कालखंड

१९६४ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला फिगर स्केटिंगचे एकही सुवर्ण मिळाले नाही. पेगी फ्लेमिंग ही १५ वर्षांची राष्ट्रीय विजेती तेथे सहावी आली. १९६५ साली तिचे कुटुंब कोलोरॅडो स्प्रिंग्जला आले ते मुलीला फास्सी यांच्याकडे शिकता यावे म्हणून. तिचे वडील वृत्तपत्राच्या छापखान्यात काम करीत. अशा सामान्य उत्पन्नाच्या घराने एका प्रशिक्षकासाठी गाव बदलावे, यावरून या खेळातील गुरूच्या स्थानाची कल्पना येते. मुक्त स्केटिंगमधील तिची सहजता पूर्वीपासूनच वाखाणली जात होती. उणीव होती ती आकृत्यांत, आणि फास्सी यांनी भर दिला तो नेमका तेथेच.

१९६६ साली दाव्होस येथे फ्लेमिंगने जागतिक अजिंक्यपद मिळवले. दुर्घटनेनंतर अमेरिकेला मिळालेले हे पहिले जागतिक अजिंक्यपद होय. दाव्होसचे रिंक उघड्यावर, समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून अधिक उंचीवर होते. कोलोरॅडो स्प्रिंग्ज त्याहूनही उंच आहे. विरळ हवेतील सरावाचा तिला उपयोग झाला असावा. त्याच वर्षी तिचे वडील वारले. १९६७ व १९६८ ची जागतिक अजिंक्यपदेही तिनेच राखली. ग्रेनोबल येथील १९६८ च्या ऑलिंपिकमध्ये आकृत्यांची परीक्षा संपली तेव्हाच तिने पूर्व जर्मनीच्या गॅब्रिएले सेफर्टवर एवढी आघाडी घेतली होती, की पुढील निकाल जवळपास निश्चित होता. आईने शिवलेल्या फिकट हिरव्या पोशाखात तिने केलेले मुक्त स्केटिंग जगाने दूरचित्रवाणीवर पाहिले आणि तेच स्मरणात राहिले. पदक मात्र बरेचसे आधी, प्रेक्षकांच्या अनुपस्थितीत, बर्फावरील रेषांनी जिंकून दिले होते. त्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला मिळालेले ते एकमेव सुवर्ण होते.

येथून एका गुंतागुंतीला सुरुवात होते. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाला आकृत्या दिसत नव्हत्या आणि म्हणून निकाल कळत नव्हते. १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाच्या बिअट्रिक्स शूबाने आकृत्यांतील असामान्य प्रभुत्वाच्या बळावर सुवर्ण मिळवले. मुक्त स्केटिंगमध्ये मात्र तिचा सातवा क्रमांक होता. प्रेक्षकांची लाडकी जॅनेट लिन तिसरी आली. घरबसल्या पाहणाऱ्याला हा अन्याय वाटला. नियमांचा कल आधीच बदलू लागला होता. आकृत्यांचा वाटा निम्म्यावर आला होता. १९७३ मध्ये लघु कार्यक्रमाची भर पडून तो ४० टक्के झाला आणि १९७६ पर्यंत ३० टक्क्यांवर घसरला.

वाटा घसरत असतानाच फास्सी यांच्या कारकिर्दीचे शिखर यावे, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. १९७६ साली इन्सब्रुक येथे पुरुष व महिला या दोन्ही एकेरी गटांचे सुवर्ण त्यांच्या शिष्यांनी जिंकले आणि काही आठवड्यांनी गोथेनबर्गच्या जागतिक स्पर्धेतही त्याची पुनरावृत्ती केली. फास्सी तेव्हा डेन्व्हर येथे शिकवीत. डोरोथी हॅमिलचे बळ तिच्या मुक्त स्केटिंगचा वेग व नितळपणा यांत होते. तिहेरी उडी न मारता ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी ती शेवटची महिला ठरली. बर्मिंगहॅमचा जॉन करी नृत्याच्या ओढीने या खेळात आला होता आणि हातांच्या हालचालींतील त्याची नजाकत अनेक परीक्षकांना पुरुषांच्या स्पर्धेत अप्रस्तुत वाटत असे. ब्रिटनमध्ये साधनांच्या अभावी कुंठित झालेला करी एका अमेरिकी आश्रयदात्याच्या साहाय्याने विशीच्या मध्यावर कोलोरॅडोत पोहोचला. फास्सी यांनी त्याची शैली बदलली नाही. आकृत्या पक्क्या केल्या, उड्यांत सातत्य आणले आणि परीक्षकांना आक्षेप घेण्यास जागा उरणार नाही अशी तांत्रिक तटबंदी त्या शैलीभोवती उभारली. माझ्या मते त्यांच्या अध्यापनाचे सर्वांत चांगले उदाहरण हेच होय. शिष्याचे वेगळेपण न पुसता त्याला परीक्षेस योग्य बनवणे हे कोणत्याही विद्येत दुर्मीळ असते.

करीचा मार्ग पाहून ब्रिस्टलचा रॉबिन कझिन्सही १९७७ मध्ये डेन्व्हरला आला. लेक प्लॅसिड येथे १९८० मध्ये आकृत्यांनंतर तो चौथा होता. पूर्व जर्मनीचा यान हॉफमन आघाडीवर होता. तेथून कझिन्सने सुवर्ण खेचून आणले. हॉफमनच्या प्रशिक्षक युट्टा म्युलर याही माजी स्पर्धकच होत्या आणि सेफर्ट ही त्यांची मुलगी. म्हणजे ग्रेनोबल व लेक प्लॅसिड या दोन्ही ठिकाणी सामना एका अर्थी याच दोन प्रशिक्षकांत झाला. एक सरकारी क्रीडाव्यवस्थेत काम करणारी, दुसरा खाजगी रिंकवर पालकांच्या व आश्रयदात्यांच्या पैशावर चालणारा. दोघांना जोडणारी गोष्ट होती आकृत्यांची तीच जुनी शिस्त.

श्रेयाचा प्रश्न

फास्सी यांच्याविषयी एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो गंभीरपणे विचारात घ्यावयास हवा. त्यांचे चारही ऑलिंपिक विजेते त्यांच्याकडे तयार होऊन आले होते. फ्लेमिंग राष्ट्रीय विजेती होती, करी व कझिन्स ब्रिटनचे विजेते होते, हॅमिलची पायाभरणी अन्य शिक्षकांनी केली होती. मग फास्सी यांनी घडवले काय? उलट बाजूचीही उदाहरणे आहेत. स्कॉट हॅमिल्टन काही वर्षे त्यांच्याकडे शिकला, परंतु १९८४ चे सुवर्ण त्याने डॉन लॉज यांच्या मार्गदर्शनाखाली मिळवले. पॉल वायली याने लहानपणी फास्सी यांच्याकडे धडे घेतले, पण १९९२ चे रौप्य त्याला बॉस्टनच्या प्रशिक्षकांकडे असताना मिळाले. अनेक नामवंत शिष्य एकाच वेळी सांभाळणाऱ्या प्रशिक्षकाच्या वेळेची वाटणी कोणाला तरी अपुरी पडणारच.

प्रशासकीय व सामाजिक चातुर्य हेही त्यांच्या यशाचे एक कारण मानले जाते. परीक्षक स्पर्धेपूर्वीचा सराव पाहत आणि त्यांचे मत तेथेच आकार घेई. अशा वातावरणात अनेक भाषांच्या लोकांत सहज मिसळणारा, माजी विजेता म्हणून सर्वांना परिचित असलेला प्रशिक्षक बर्फाच्या कडेला उभा असणे, याचा शिष्याला लाभ होत असे. हे नाकारण्यात अर्थ नाही. व्यक्तिनिष्ठ परीक्षणाच्या प्रत्येक क्षेत्रात हे घडते. विद्यापीठीय क्षेत्रही त्याला अपवाद आहे असे म्हणण्याचे धाडस होत नाही.

तथापि, एवढ्यावरून फास्सी केवळ तयार पिकाची कापणी करणारे होते असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. त्यांनी घातलेली भर नेमकी कोणती हे तपासण्याची संधी इतिहासाने एका निकालातून दिली आहे.

१९९० साली हॅलिफॅक्स येथे जागतिक स्पर्धा झाली. आकृत्या ज्यात समाविष्ट होत्या अशी ती शेवटची जागतिक स्पर्धा. १९८८ मध्येच त्या रद्द करण्याचा निर्णय झाला होता आणि अखेरच्या काळात दोनच आकृत्या काढावयाच्या व त्यांना २० टक्के गुण, एवढाच अवशेष उरला होता. जपानच्या मिदोरी इतोने, जी त्या वेळी तिहेरी ॲक्सल ही अवघड उडी मारणारी एकमेव आघाडीची महिला होती, लघु कार्यक्रम जिंकला आणि मुक्त स्केटिंगही जिंकले. आकृत्यांत मात्र ती दहावी होती. अजिंक्यपद मिळाले ते आकृत्यांत पहिल्या आलेल्या जिल ट्रेनरीला. ट्रेनरी मिनेसोटाहून कोलोरॅडो स्प्रिंग्जला शिकण्यासाठी आली होती आणि तिचे प्रशिक्षक होते कार्लो फास्सी. गुणांचा वाटा पाचवा हिस्सा उरला असतानाही त्या विद्येने निकाल फिरवला. हा निकाल न्याय्य होता काय, याविषयी दुमत होऊ शकते. इतोच्या बाजूने सहानुभूती असणे मलाही समजते. परंतु फास्सी यांच्याकडे जाऊन शिष्याला काय मिळत असे, याचा याहून स्वच्छ पुरावा सापडणार नाही.

आकृत्यांनंतर

आकृत्या रद्द होण्याचा परिणाम गुणपत्रिकेपुरता नव्हता. आकृत्यांच्या सरावासाठी प्रत्येक स्केटर बर्फाचा स्वतंत्र तुकडा तासाच्या भाड्याने घेत असे. रिंकांचे उत्पन्न व प्रशिक्षकांची शिकवणी यांचा मोठा हिस्सा या तासांवर अवलंबून होता. ते तास नाहीसे झाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शिक्षक व शिष्य एका रेषेवर वाकून, ‘येथे खांदा आधी वळला’, ‘येथे भार टाचेवर गेला’, असे बोलत असत तो संथ संवाद संपला. बर्फावरची रेष खोटे बोलत नाही. उडी चुकली तर अनेक कारणे पुढे करता येतात. वाकडे वर्तुळ सर्वांसमोर पडलेले असते. १९८० साली ग्रेगरी स्मिथ यांच्या सहकार्याने फास्सी यांनी स्केटिंगच्या तंत्रावर पुस्तक प्रसिद्ध केले होते. दहा वर्षांत त्याच्या पायाचा विषयच अभ्यासक्रमातून वगळला गेला. पाठ्यक्रम बदलला, की वर्षानुवर्षे जपलेल्या टिपणवह्या अडगळीत जाण्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल.

साठीला आलेल्या फास्सी यांनी या वळणावर काम थांबवले नाही. नव्वदीच्या दशकात काही काळ ते इटलीत परतले आणि पुन्हा अमेरिकेत येऊन कॅलिफोर्नियातील लेक ॲरोहेड येथे शिकवू लागले. ब्रॉडमूरचे जुने रिंक १९९४ मध्ये पाडण्यात आले. आता त्यांच्याकडे येणारा विद्यार्थी आकृत्या शिकण्यासाठी येत नव्हता. विस्कटलेली घडी बसवण्यासाठी येत होता. १९९५ ची राष्ट्रीय विजेती व त्या वर्षीची जागतिक कांस्यपदक विजेती निकोल बोबेक अनेक प्रशिक्षक बदलून त्यांच्याकडे आली. १९९७ च्या राष्ट्रीय स्पर्धेत तिने तिसरा क्रमांक मिळवून जागतिक संघात स्थान पुन्हा मिळवले.

ती जागतिक स्पर्धा लोझान येथे भरली. २० मार्च १९९७ रोजी, स्पर्धा सुरू असतानाच, फास्सी यांचे तेथे हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. ते ६७ वर्षांचे होते. त्यानंतर बोबेक बर्फावर उतरली आणि १३ वी आली. महिलांचे अजिंक्यपद १४ वर्षांच्या तारा लिपिन्स्कीने मिळवले. आकृत्या रद्द झाल्या तेव्हा ती आठ वर्षांची होती. दुसरी आली मिशेल क्वान. तिचे प्रशिक्षक फ्रँक कॅरोल हेही तेव्हा लेक ॲरोहेडलाच शिकवीत असत आणि ते स्वतः शिकले होते मॅरिबेल विन्सन ओवेन यांच्याकडे.